सहा महिन्यांचे अध्यक्षपद



आपल्याकडून परदेशी गेलेल्या कोणाचा मुलगा किंवा नातू तिकडे मोठ्या अधिकारावर चढला, की आपल्या घरांत पहिला प्रश्न निघतो तो असा, की हा कोणाचा? त्याचे उत्तर मिळते न मिळते तोच दुसरा प्रश्न पुढे येतो: मग आता आपल्याला त्याचा काय उपयोग? पहिला प्रश्न मायेचा आहे. त्याला माझी हरकत नाही. दुसऱ्या प्रश्नाविषयी मात्र आज थोडे बोलावे असे मनात आहे, आणि त्यासाठी मी एक असे पद निवडले आहे की जे पाळीने येते, सहा महिन्यांपुरते हाती राहते, आणि मुदत सरताच पुढच्याच्या स्वाधीन करावे लागते. ते पद म्हणजे युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेचे अध्यक्षपद.

हा विषय नाशिककरांपुढे मांडण्यास दोन कारणे आहेत. एक असे, की आपल्या किनारपट्टीवरील दोन घराण्यांचा या पदाशी संबंध आला आहे. दुसरे कारण निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत आहे. त्याकडे मी ओघाने वळेनच.

प्रथम ती दोन घराणी. जून २०१७ मध्ये लिओ वराडकर हे आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा मालवण तालुक्यातील वराड हे गाव एका दिवसात सर्वांस ठाऊक झाले. त्यांचे वडील अशोक वराडकर हे मुंबईहून तिकडे गेलेले डॉक्टर. मूळ घर वराडचे. डिसेंबर २०१९ च्या अखेरीस पंतप्रधान स्वतः त्या गावी येऊन गेले आणि गावकऱ्यांनी त्यांचे मोठ्या हौसेने स्वागत केले. दुसरे गृहस्थ आंतोनियु कोस्टा. त्यांचे वडील ओर्लांदु द कोस्टा हे लेखक. जन्म मोझांबिकमधला, पण बालपण गोव्यात, मडगावास गेलेले. पुढे ते लिस्बनला गेले आणि सालाझारच्या राजवटीचा रोष त्यांनी ओढवून घेतला. घरात या मुलास ‘बाबुश’ म्हणत. कोकणीत लहान मुलग्यास लाडाने म्हणतात तेच हे नाव. हा बाबुश २०१५ मध्ये पोर्तुगालचा पंतप्रधान झाला आणि जानेवारी २०१७ मध्ये मडगावचे वडिलोपार्जित घर पाहून गेला. ज्या पोर्तुगालची सत्ता गोव्यातून १९ डिसेंबर १९६१ रोजी गेली, त्याच पोर्तुगालचा कारभार पुढे एका गोवेकराच्या मुलाने आठ वर्षांहून अधिक काळ पाहावा, ही इतिहासाची खोडी मोठी मौजेची खरी. पण तो आजचा विषय नव्हे.

आजचा विषय असा, की हे दोघेही त्या फिरत्या अध्यक्षपदाच्या चक्रात एकेकदा सापडले. २०१३ च्या पूर्वार्धात आयर्लंडची पाळी होती आणि वराडकर तेव्हा त्या देशाचे वाहतूक मंत्री होते. २०२१ च्या पूर्वार्धात पोर्तुगालची पाळी होती आणि कोस्टा तेव्हा पंतप्रधान होते. त्या सहा महिन्यांत त्यांच्या हाती काय होते, हे समजण्यासाठी त्या आसनाची रचना थोडी पाहावयास हवी.

रोमचा तह १९५७ साली झाला आणि १ जानेवारी १९५८ पासून सहा देशांचा संसार सुरू झाला: बेल्जम, पश्चिम जर्मनी, फ्रान्स, इटली, लक्झेंबर्ग आणि नेदरलंड्स. अध्यक्ष कोणी व्हावे? मोठ्यास कायमचा मान द्यावा तर धाकटे बिथरणार. दर वेळी निवडणूक घ्यावी तर दर वेळी भांडण. म्हणून साधा तोडगा निघाला, की सहा-सहा महिने पाळीने बसावे. क्रम वर्णानुक्रमाने, आणि तोही प्रत्येक देश आपल्या भाषेत स्वतःस ज्या नावाने ओळखतो त्या नावाच्या. म्हणून बेल्जमच्या मागोमाग जर्मनी आला, कारण जर्मन माणूस आपल्या देशास ‘डॉइचलांट’ म्हणतो. सभासद वाढत गेले तसा हा क्रम बदलून मोठे आणि लहान, जुने आणि नवे देश एकमेकांत मिसळून बसविण्यात आले. आता सभासद २७ आहेत. म्हणजे एकदा गेलेली पाळी साडेतेरा वर्षांनी परत यावयाची. बालवर्गात असलेला मुलगा मतदार होईपर्यंत दुसरी संधी नाही!

माल्टा हा देश पाहा. त्याचे क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर. आपल्या नाशिक महानगरपालिकेच्या हद्दीहून थोडेसेच अधिक. वस्ती पाच लाखांच्या आसपास, म्हणजे नाशिक शहराच्या निम्म्याहूनही पुष्कळ कमी. पण २०१७ च्या पूर्वार्धात जर्मनी आणि फ्रान्स यांचे मंत्री बोलावयास उभे राहिले ते माल्टाच्या मंत्र्याची अनुज्ञा घेऊन.

एवढा मान मिळाला, तर सत्ता किती? येथेच ऐकणाऱ्याची निराशा होते. अध्यक्षाला जास्तीचे मत नाही. ठराव संमत होण्यास साधारणपणे २७ पैकी १५ देश आणि एकंदर लोकसंख्येचा ६५ टक्के भाग अनुकूल असावा लागतो. त्यात अध्यक्षाच्या देशाचे वजन पूर्वी होते तेवढेच राहते. १ डिसेंबर २००९ पासून लिस्बनचा तह अमलात आला, तेव्हा तर या फिरत्या आसनाचे दोन मोठे मानही गेले. देशोदेशींच्या प्रमुखांच्या परिषदेस अडीच वर्षांच्या मुदतीचा स्वतंत्र अध्यक्ष मिळाला, आणि परराष्ट्रमंत्र्यांच्या बैठकीस वेगळा अधिकारी. फिरत्या अध्यक्षाकडे उरली ती शेती, अर्थ, वाहतूक, पर्यावरण अशा खात्यांच्या मंत्र्यांची बैठक, आणि तिच्या खाली राजदूतांच्या समित्या व दीडशेहून अधिक कार्यगट. तात्पर्य, मिरवणुकीचा हत्ती गेला आणि दळणाचे जाते राहिले.

पण खरे काम या जात्यावरच होते. कोणता विषय आधी घ्यावयाचा, कोणता मागे ठेवावयाचा, तडजोडीचा मसुदा कोणत्या शब्दांत लिहावयाचा आणि मत कोणत्या क्षणी मागावयाचे, हे अध्यक्ष ठरवितो. बैठक अडली की तो ती थांबवितो आणि एकेका देशाच्या प्रतिनिधीस एकट्यास बाजूच्या खोलीत बोलावून विचारतो: बाहेर तुम्ही जे बोललात ते बोललात, आता खरे सांगा, तुम्ही कोठवर येऊ शकाल? ख्रिस्ती देवळात धर्मगुरूपुढे पापे सांगावयाची जी लहानशी खोली असते, तिचेच नाव या पद्धतीला पडले आहे. सत्तावीस जणांची अंतरीची गोष्ट एकट्या अध्यक्षाला कळते. ती तो स्वतःच्या देशाच्या लाभासाठी वापरू लागला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे कोणी तोंड उघडणार नाही. म्हणून रीत अशी, की अध्यक्षाच्या देशाचे म्हणणे अध्यक्षाने मांडावयाचे नाही. ते मांडण्यास त्याच देशाचा दुसरा प्रतिनिधी वेगळ्या आसनावर बसतो. एकाच घरचे दोघे, एक न्यायासनावर आणि एक वादी म्हणून! हे नाटकासारखे दिसते, परंतु सारा भरवसा या नाटकावरच तोललेला आहे.

ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. मोसम नदीच्या काठाने बागलाण-मालेगावाकडे, किंवा पांझरेच्या काठाने धुळे जिल्ह्यात गेलात, तर जुने फडाचे बंधारे पाहावयास मिळतील. बंधाऱ्याखालील जमीन फडांत वाटलेली. एका फडात एकच पीक. आणि उसासारखे पाणी खाणारे, पण पैसा देणारे पीक यंदा या फडात, तर पुढे त्या फडात, असे फिरत राहावयाचे. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे. शेतकऱ्याने आपल्या हाताने पाणी फिरवून घ्यावयाचे नाही, मग तो कितीही मोठा असो. पाटकरी माझ्या भाऊबंदांतला आहे, म्हणून माझ्या शेतात घटकाभर पाणी अधिक राहील, असे ज्या दिवशी कोणी म्हणू लागेल त्या दिवशी फड मोडलाच म्हणून समजा. मान वाटून देण्याची दुसरीही एक पद्धत नाशिकने पाहिली आहे. पेशवाईत सिंहस्थाच्या स्नानाच्या अग्रमानावरून शैव आणि वैष्णव साधूंत भांडणे पेटली, तेव्हा शैवांना त्र्यंबकेश्वर आणि वैष्णवांना नाशिक अशी स्थळेच वेगळी करून देण्यात आली. भांडण मिटले हे खरे. पण एका आसनावर आळीपाळीने बसावयाचे कसे, हे त्यातून कोणी शिकले नाही.

आता वराडकरांचे सहा महिने. आयर्लंडची ती सातवी पाळी. देश त्या वेळी युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्या कर्जाखाली दबलेला. त्या योजनेतून तो डिसेंबर २०१३ मध्ये बाहेर पडला. ज्यांच्या ऋणात आपण आहोत त्यांच्याच बैठकीचे अध्यक्ष व्हावयाचे, हा प्रसंग कोणासही अवघड. तरीही त्या सहा महिन्यांत वराडकरांच्या खात्याने युरोपभरच्या रेल्वे, रस्ते, बंदरे आणि जलमार्ग यांच्या एकत्रित जाळ्याविषयीचा करार संघाच्या संसदेशी बोलणी करून जमवून आणला. त्या जाळ्याचा मुख्य भाग २०३० पर्यंत पुरा करावयाचा, असे त्यात ठरले. दुसरे एक काम मात्र रेंगाळले. विमानप्रवाशांच्या हक्कांविषयीची सुधारणा मार्च २०१३ मध्ये पुढे आली आणि जिब्राल्टरच्या विमानतळावरून स्पेन व ब्रिटन यांचा जो जुना वाद आहे त्यात जाऊन रुतली. मंत्रिपरिषदेची त्यावरची भूमिका बहुमताने ठरली ती जून २०२५ मध्ये, पोलंडच्या पाळीत! बारा वर्षांत कितीतरी अध्यक्ष आले आणि गेले. एकाने पेरावे, दुसऱ्याने राखावे आणि तिसऱ्याच्या नावावर मळणी व्हावी, असा हा कारभार आहे. त्यात वराडकरांनी वराड गावासाठी काय केले, हा प्रश्न विचारणेच गैर. आयर्लंडसाठी काय केले, हेसुद्धा त्या आसनावरून विचारावयाचे नसते.

कोस्टांची पाळी याहून कठीण काळात आली. पोर्तुगालची ती चौथी खेप. आधीच्या खेपांचा हिंदुस्थानाशी योगायोगाने चांगला संबंध जुळला होता. युरोपीय संघ आणि भारत यांची पहिली शिखर बैठक जून २००० मध्ये लिस्बनला भरली ती पोर्तुगालच्याच पाळीत, आणि २००७ च्या नोव्हेंबरात दिल्लीस भरली तीही पोर्तुगालच्याच पाळीत. त्याच २००७ साली उभयतांत व्यापारकराराची बोलणी सुरू झाली होती. २०१३ मध्ये ती थंडावली. ८ मे २०२१ रोजी पोर्तु शहरी सर्व युरोपीय नेते आणि भारताचे पंतप्रधान प्रत्यक्ष भेटावयाचे होते. पण एप्रिल-मेचे ते दिवस आपण कोणीच विसरलेलो नाही. प्राणवायूच्या एकेका नळकांड्यासाठी या नाशकात माणसे रात्ररात्र धावत होती. पंतप्रधानांचा प्रवास रद्द झाला आणि बैठक दूरदृश्य यंत्रणेवरून झाली. युरोपच्या बाजूने बैठकीची सूत्रे संघाचे कायम अध्यक्ष शार्ल मिशेल यांच्याकडे होती. पाळीच्या अध्यक्षाला, कोस्टांना, यजमानपण तेवढे होते. त्या दिवशी थांबलेली व्यापारबोलणी पुन्हा सुरू करण्याचे ठरले आणि २०२२ मध्ये ती खरोखरच सुरू झाली.

मडगावच्या घराण्यातला माणूस यजमान होता म्हणून हे घडले काय? मला तसे वाटत नाही. चीनविषयी युरोपात वाढलेली धास्ती, महामारीने उघडी पाडलेली एकाच देशावरील भिस्त, आणि दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांनी वर्षभर केलेली तयारी, ही खरी कारणे होत. यजमानाच्या हातात एवढेच असते, की आपल्या घरच्या सहा महिन्यांत कोणाला भोजनास बोलवावयाचे. पोर्तुगालने भारतास बोलावले. हे थोडे नव्हे. पण ते जेवढे आहे तेवढेच म्हणावे. पुढे १ डिसेंबर २०२४ रोजी हेच कोस्टा मिशेल यांच्या नंतरचे कायम अध्यक्ष झाले.

आता द्राक्षांकडे येतो. आपल्या जिल्ह्यातून हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत द्राक्षांच्या पेट्या युरोपास जातात, त्यांतल्या पुष्कळशा नेदरलंड्सच्या बंदरांत उतरतात. तेथे फळात औषधाचा अंश किती चालेल, याची मर्यादा ज्या कायद्याने बांधली आहे तो २३ फेब्रुवारी २००५ चा, आणि त्याचा पुरा अंमल १ सप्टेंबर २००८ पासूनचा. एखाद्या औषधास वेगळी मर्यादा ठरवून दिलेली नसेल, तर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, हा आकडा त्यातलाच. २०१० च्या हंगामात वेलीची अनाठायी वाढ रोखण्यासाठी वापरलेल्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश आढळला, नाशिकचा माल युरोपात अडकला, आणि कित्येक बागाईतदारांची वर्षाची कमाई बुडाली. तेव्हा पुष्कळांना वाटले, की हे कोणीतरी नाशिकच्या वाईटावर टपून केले आहे. वस्तुस्थिती काय होती? कायदा झाला त्या दिवशी अध्यक्षपदाची पाळी लक्झेंबर्गची होती. हा देश आपल्या जिल्ह्याच्या सहाव्या हिश्शाएवढा. त्याला नाशिकशी वैर नव्हते आणि प्रेमही नव्हते. मसुदा त्याच्याही आधीच्या पाळ्यांतून हळूहळू वर सरकत आला होता आणि सही करावयाची वेळ त्याच्या वाट्यास आली. म्हणून मला वाटते, की अध्यक्ष कोणाचा मुलगा आहे हे शोधण्यापेक्षा कार्यगटाच्या टेबलावर सध्या कोणता मसुदा पडला आहे हे ज्याने दोन वर्षे आधी वाचले, त्या बागाईतदाराचे पारडे जड. आपल्याकडे असे वाचन करणारी माणसे फार थोडी आहेत, आणि त्यांचे कोणी हारतुरे घालून स्वागत करीत नाही.

पाळीची ही पद्धत नेहमीच सुरळीत चालते असे मात्र कोणी समजू नये. १९६५ च्या जुलैत शेतीच्या पैशावरून फ्रान्स रुसला आणि सात महिने त्याची खुर्ची रिकामी राहिली. समेट झाला तो जानेवारी १९६६ च्या शेवटी, नुकतीच पाळी आलेल्या चिमुकल्या लक्झेंबर्गमध्ये. जून २०१६ च्या जनमतानंतर ब्रिटनने आपली २०१७ च्या उत्तरार्धाची पाळी सोडून दिली आणि धाकट्या एस्टोनियाने सहा महिने आधीच ती अंगावर घेतली. जुलै २०२४ मध्ये हंगेरीचे पंतप्रधान पाळी सुरू होताच मॉस्कोस जाऊन आले. आपण आपल्या देशाच्या वतीने गेलो, असे ते म्हणत. पण आसनाची सावली बरोबर गेलीच. इतरांनी त्यावर उघड टीका केली. संघाच्या आयोगाने हंगेरीतील अनौपचारिक बैठकांना आपले वरिष्ठ सभासद न पाठविता अधिकारी पाठविण्याचे ठरविले. यजमानाला याहून झोंबणारी शिक्षा कोणती?

आणि आपल्या शेजाराकडे पाहिले तर? दक्षिण आशियातील सार्क ही संस्था १९८५ च्या डिसेंबरात ढाक्यास जन्मली. तेथेही अध्यक्षपद फिरते. जो देश शिखर बैठक भरवील त्याच्याकडे ते जावयाचे. नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूस बैठक झाली आणि अध्यक्षपद नेपाळकडे आले. पुढची बैठक २०१६ मध्ये इस्लामाबादेस ठरलेली होती. उरीच्या हल्ल्यानंतर भारताने जाण्यास नकार दिला, इतरही काही देश मागे सरले, आणि बैठक भरली नाही. तेव्हापासून ते आसन वर्षानुवर्षे काठमांडूसच राहिले. भारताचा नकार चुकीचा होता असे माझे म्हणणे नाही. युरोपातही भांडणे कमी नाहीत, पण तेथे १ जानेवारी आणि १ जुलै या तारखा कोणाच्या रुसव्यासाठी थांबत नाहीत. आपल्याकडे पाळी बैठकीला बांधली, आणि बैठक सलोख्याला. एक अडले की सारेच अडले.

आपल्या देशालाही अशी एक पाळी अलीकडे मिळाली होती. जी-२० या गटाचे अध्यक्षपद १ डिसेंबर २०२२ पासून वर्षभर भारताकडे होते. वास्तविक क्रमाने आपली पाळी आधीची, म्हणजे २०२२ ची. पण २०२३ मध्ये इंडोनेशियाकडे आग्नेय आशियाई देशांच्या संघाचेही अध्यक्षपद यावयाचे होते, म्हणून उभयतांनी पाळ्या बदलून घेतल्या. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे बैठका झाल्या. त्या दिवसांत भिंती रंगल्या, दिव्यांच्या माळा लागल्या, चौकाचौकांत फलक झळकले, आणि पुष्कळांचा असा समज झाला की भारत जगाचा अध्यक्ष झाला आहे. टिकाऊ गोष्ट घडली ती ९ सप्टेंबर २०२३ रोजी दिल्लीस, जेव्हा आफ्रिकी देशांच्या संघास त्या गटात कायमची जागा मिळाली. आसन पुढे ब्राझीलकडे गेले, त्यानंतर दक्षिण आफ्रिकेकडे. आफ्रिकेची जागा मात्र तेथेच राहिली.

युरोपच्या ठरलेल्या यादीत २०२६ चा उत्तरार्ध पुन्हा आयर्लंडच्या नावावर आहे. वराडकर एप्रिल २०२४ मध्येच पंतप्रधानपदावरून दूर झाले. तेव्हा वराडचे नाव या खेपेस कोणी घेणार नाही. त्या ऑक्टोबरात निफाड आणि दिंडोरीकडे बागांची छाटणी चालू असेल, आणि शेतीमंत्र्यांच्या बैठकीत अध्यक्षाचे आसन आयरिश मंत्र्याचे असेल. छाटलेल्या वेलीवरचा माल तयार होऊन पेट्या बोटीवर चढेपर्यंत जानेवारी उलटलेला असेल, आणि त्या आसनावर लिथुएनियाचा मंत्री येऊन बसलेला असेल.